औंध: पंचांच्या हाती सोपवलेले राज्य

नकाशावर औंध संस्थान शोधू जावे तर एका जागी सापडत नाही. औंध गाव आणि यमाईचा डोंगर आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, आटपाडी माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यात, कुंडल कृष्णाकाठच्या सुपीक मुलखाजवळ आणि गुणदाळ थेट विजापूरकडे. अशा चार विखुरलेल्या तुकड्यांचे मिळून क्षेत्रफळ जेमतेम 500 चौरस मैल, गावे 72 आणि 1941 सालची लोकसंख्या एक लाखाच्या आत. हैदराबाद किंवा बडोद्याशी तुलना करण्याचेही कारण नाही, इतके हे राज्य लहान. तरीही, राजाने आपली सत्ता कायद्याने आणि लेखी रयतेकडे कशी सोपवावी याचा देशातला फार महत्त्वाचा प्रयोग या तुकड्यांत झाला. औंधची आठवण निघाली की आपण चित्रसंग्रहालय आणि सूर्यनमस्कार यांपाशी थांबतो. त्या आठवणी खऱ्या आहेत. पण औंधची खरी कामगिरी त्यांच्या पलीकडे आहे आणि ती आजच्या ग्रामपंचायतींना थेट लागू पडणारी आहे.

या घराण्याचा मूळपुरुष परशुराम त्रिंबक हा किन्हईचा कुलकर्णी. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली तो पुढे आला. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडे मोगलांशी झुंज चालू ठेवणाऱ्यांत त्याचे नाव मोठे. पन्हाळा परत मिळवण्यात त्याचा वाटा होता. छत्रपतींच्या गैरहजेरीत त्यांच्या वतीने कारभार पाहण्यासाठी प्रतिनिधी हे पद याच धामधुमीत निर्माण झाले होते. ते पुढे परशुरामपंतांकडे आणि मग त्यांच्या वंशाकडे आले. शाहू महाराजांच्या दरबारात श्रीपतराव प्रतिनिधी पहिल्या बाजीरावाच्या धोरणाला उघड विरोध करीत. पेशव्यांचे बळ वाढत गेले तसे प्रतिनिधींचे वजन घटले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार म्हणून ठेवले आणि 1848 मध्ये सातारा खालसा झाल्यावर औंधचा संबंध थेट इंग्रज सरकारशी आला. या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पंतप्रतिनिधींची सत्ता मुळातच दुसऱ्याच्या वतीने चालवायची होती. प्रतिनिधी या शब्दाचा अर्थच तो. विसाव्या शतकात या घराण्यातल्या एका पुरुषाने तो शब्द छत्रपतींकडून रयतेकडे वळवला.

तो पुरुष म्हणजे भवानराव श्रीनिवासराव, लोकांचे बाळासाहेब. जन्म 1868 चा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, गादीवर आले 1909 मध्ये. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे निष्ठावंत प्रचारक. 1935 च्या इंदूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी मोठे आर्थिक पाठबळ दिले, पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळाला औंधात आसरा दिला. बेळगावातून कारखाना हलवण्याची वेळ लक्ष्मणराव किर्लोस्करांवर आली, तेव्हा त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची जागा औंधने दिली आणि 1910 मध्ये निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. हे सगळे कौतुकाचे आहे, पण यात राज्यकारभाराच्या दृष्टीने नवे काही नाही. गुणी माणसांना आश्रय देणारे राजे आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. आश्रय कितीही उदार असला तरी देणारा वर आणि घेणारा खाली ही रचना तशीच राहते. चांगल्या राजानंतर वाईट राजा आला तर रयतेच्या हाती काय उरते, या प्रश्नाला आश्रयाजवळ उत्तर नसते.

ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न 1938 च्या अखेरीस सुरू झाला. बाळासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डचे शिक्षण आणि बॅरिस्टरी आटोपून परत आले होते. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराशी त्यांची मैत्री झाली होती आणि गांधीजींच्या विचारांनी ते भारले गेले होते. राजाने संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली आणि घटनेचा आराखडा घेऊन ही मंडळी सेवाग्रामला गेली. गांधीजींनी त्यात बारकाईने लक्ष घातले. 21 जानेवारी 1939 रोजी औंधची स्वराज्य घटना जाहीर झाली. तिची बांधणी खालून वर होती. प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे, गावांच्या प्रतिनिधींची तालुका समिती व्हायची आणि तालुक्यांतून मध्यवर्ती सभा उभी राहायची. गावच्या वसुलातला निम्मा वाटा गावच्या पंचायतीकडे राहील आणि गावातले तंटे गावातच निकालात निघतील, असे ठरले. या घटनेचा कणा मला इथे दिसतो. निवडणुका तर ब्रिटिश प्रांतांतही झाल्या होत्या. परंतु ज्या पंचायतीकडे पैसा नाही आणि न्यायाचा अधिकार नाही, ती नुसता अर्ज करणारी संस्था असते. औंधच्या पंचाला आपल्या गावची विहीर, शाळा आणि रस्ता यांचा हिशेब आपल्याच तिजोरीतून मांडायचा होता.

या प्रयोगाच्या बाजूने बोलताना त्यावरच्या आक्षेपांना बगल देता येत नाही. पहिला आक्षेप असा की काळाचा रेटा ओळखून राजाने केलेली ही तडजोड होती. संस्थानांत प्रजा परिषदांच्या चळवळी पेटल्या होत्या, मग द्यावेच लागणार ते आधी दिले एवढेच. रेटा होता हे खरे. पण तोच रेटा राजकोटच्या ठाकोरसाहेबांवरही होता. त्यांनी सरदार पटेलांना सुधारणांचे वचन दिले आणि लगेच मोडले. 1939 च्या मार्चमध्ये गांधीजींना तिथे उपोषणाला बसावे लागले. एकाच हिवाळ्यात, एकाच दबावाखाली दोन संस्थानिक दोन उलट्या दिशांनी गेले. तेव्हा दबावाने सगळे उलगडत नाही. निर्णय घेणाऱ्या माणसाला त्याचे श्रेय द्यावेच लागते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. घटनेने मतदाराला लिहिता-वाचता येण्याची अट घातली होती. त्या काळच्या खेड्यात ही अट म्हणजे बहुसंख्य कष्टकरी, दलित आणि स्त्रिया यांच्यापुढे बंद केलेले दारच. गांधीजींचा हेतू साक्षरतेला वेग देण्याचा होता, मताच्या ओढीने लोक अक्षरे गिरवतील असा त्यामागचा हिशेब होता. तरी माझ्या मते ही अट चुकीची होती. शाळा पुरवण्याचे कर्तव्य राज्याचे; राज्याच्या त्रुटीची शिक्षा नागरिकाला देणे न्यायाचे नव्हे. स्वतंत्र भारताने अक्षरओळखीची अट न घालता प्रत्येक प्रौढाला मत दिले आणि तो निर्णय औंधपेक्षा शहाणपणाचा ठरला.

मात्र शिक्षणाच्या बाबतीत औंध नुसती अट घालून बसले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' याच संस्थानातल्या धनगरवाडीवर नेमलेल्या तरुण मास्तरची कथा सांगते. आटपाडीच्या महारवाड्यातून आलेले शंकरराव खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1973, 1983 आणि 1984 ही तीन साहित्य संमेलने पाहिली तर त्यांचे अध्यक्ष अनुक्रमे ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात. तिघेही एकाच कोरड्या आटपाडी भागातले. प्रतिभा राजाज्ञेने जन्मत नाही आणि खरातांच्या पिढीने सोसलेली अस्पृश्यता संस्थानाच्या हद्दीपाशी थांबली नव्हती. परंतु पाऊस चुकवणाऱ्या त्या मुलखात शाळा नसती, तर या प्रतिभेला कागद मिळाला असता का, हा प्रश्न रास्त आहे.

माणसावर विश्वास टाकण्याची हीच भूमिका तुरुंगापर्यंत पोहोचली. 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. तिथे गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांनी कुलपांशिवाय राहायचे, शेती करायची, कुटुंबाला जवळ ठेवायचे. व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागची प्रेरणा ही, आणि त्याची कथा लिहिली ती याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी. खुल्या कारागृहाची ही वसाहत आजही चालू आहे.

तिसरा आक्षेप अल्पायुष्याचा. 8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले, म्हणजे प्रयोग जेमतेम नऊ वर्षे चालला. इतक्या थोड्या काळावरून काय सिद्ध होते? फार मोठे दावे सिद्ध होत नाहीत हे मान्य. त्यातही मधली वर्षे धकाधकीची होती. 1942 नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले आणि औंधच्या हद्दीतले कुंडल हे त्याचे महत्त्वाचे केंद्र बनले. प्रतिसरकारची मुळे सत्यशोधक जागृतीत आणि स्वातंत्र्यलढ्यात होती. त्याचे श्रेय संस्थानाला देणे चूक ठरेल. पण गावाने गावचा न्याय करायचा, ही कल्पना या परिसरात एकाच दशकात दोन वाटांनी आली, एकदा राजाच्या सहीने आणि एकदा क्रांतिकारकांच्या बळावर, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. विलीनीकरणही टाळता येण्याजोगे नव्हते आणि टाळायला नको होते. खेद एवढाच की संस्थानाबरोबर त्याच्या पंचायतींचे अधिकारही मोठ्या प्रांताच्या कारभारात विरघळले.

त्यानंतर भारतीय घटनेच्या चाळिसाव्या कलमात ग्रामपंचायतींचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्व म्हणून आला, महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि 1993 मध्ये अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला. स्त्रिया, दलित आणि आदिवासी यांना राखीव जागा मिळाल्या. या एका बाबतीत आजची व्यवस्था औंधच्या कितीतरी पुढे आहे. पण निधीच्या बाबतीत ती मागे आहे. आजचा सरपंच वरून येणाऱ्या योजनांच्या आणि ठरलेल्या शीर्षकांच्या निधीची वाट पाहतो. गावातून जमा होणारा निम्मा महसूल गावाचाच, असे म्हणण्याची सोय त्याला नाही. औंधच्या राजाने 1939 मध्ये जे आपल्या हातून सोडले, ते आपल्या निवडून दिलेल्या सरकारांनी अजून पुरते सोडलेले नाही. बाळासाहेबांचे 1951 मध्ये निधन झाले तेव्हा त्यांच्याजवळ राज्य नव्हते. ते राज्य गेले याचे श्रेय विलीनीकरणाला द्यायची आपल्याला सवय आहे. खरे पाहता त्यातले पुष्कळसे त्यांनी नऊ वर्षे आधीच 72 गावांच्या पंचांच्या स्वाधीन केले होते. ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाने हा दाखला माहीत करून घ्यावा आणि पुढच्या सभेत एक साधा प्रश्न विचारावा: आपल्या गावातून किती पैसा वर जातो आणि त्यातला किती आपल्या निर्णयाने खर्च होतो?