पॉवर बँक चेक-इन बॅगेत का चालत नाही? विमानप्रवासाआधी करा हे छोटं गणित

मागच्या दिवाळीत बंगळुरूहून पुण्याला घरी येत होतो. विमानातले वरचे कप्पे भरले, म्हणून गेटवरच माझी छोटी ट्रॉली खाली सामानात टाकायला घेतली. "सर, आत पॉवर बँक आहे का?" तिथल्या ताईंनी विचारलं. मी इअरबड्स न काढताच "नाही" म्हणून मोकळा झालो. दहा पावलं गेल्यावर आठवलं, पुढच्या कप्प्यात २०,००० एमएएचची आहे! धावत मागे गेलो आणि सगळ्या रांगेसमोर बॅग उघडली. ताई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं आठवलं."

तुम्हालाही वाटेल, यात एवढं काय? दिवसभर खिशात घेऊन फिरतोच की आपण. पण कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आग लागते कशी?

पॉवर बँकमध्ये लिथियम सेल असतात. सेलच्या दोन टोकांमध्ये एक पातळ पडदा असतो. पडल्याने, दाबल्याने किंवा मुळातच सदोष असल्याने तो फाटला, की आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. उष्णता वाढते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी भडकते आणि शेजारचा सेलही पेटतो. याला 'थर्मल रनअवे' म्हणतात.

विमानाच्या पोटात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. त्यामुळे आग पुन्हा भडकू शकते. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो आणि क्रू पाणी ओतून सेल थंड करू शकतो. म्हणजे पॉवर बँक सुरक्षित आहे म्हणून जवळ ठेवायची नाही, तर बिघडली तर लगेच दिसावी म्हणून.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आग वरच्या सामानाच्या कप्प्यात लागली होती आणि तपासात पॉवर बँककडे बोट दाखवलं गेलं. विमान जमिनीवर होतं, म्हणून सगळे १७६ जण बाहेर पडू शकले. त्यानंतर कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. आपल्या डीजीसीएनेही तशीच सूचना काढली, शिवाय विमानात पॉवर बँकने फोन चार्ज करायलाही मनाई केली.

आता गणित

नियम एमएएचमध्ये नाही, वॉट-अवरमध्ये असतो. सूत्र सोपं आहे:

एमएएच × व्होल्ट ÷ १००० = वॉट-अवर

व्होल्ट म्हणजे सेलचे, बहुतेक वेळा ३.७. यूएसबीचे ५ धरू नका, तिथेच बरेच जण चुकतात.

- १०,००० एमएएच = ३७ वॉट-अवर
- २०,००० एमएएच = ७४ वॉट-अवर
- २७,००० एमएएच = ९९.९ वॉट-अवर
- ३०,००० एमएएच = १११ वॉट-अवर

१०० पर्यंत साधारणपणे चालतं. १०० ते १६० असेल तर एअरलाइनची आधी परवानगी लागते आणि जास्तीत जास्त दोनच नेता येतात. १६० च्या वर प्रवाशांना नेताच येत नाही. काही एअरलाइन्सचे नियम याहून कडक आहेत. उदाहरणार्थ, एमिरेट्स १ ऑक्टोबर २०२५ पासून १०० वॉट-अवरच्या आतली एकच पॉवर बँक नेऊ देते. त्यामुळे तिकिटासोबत आलेल्या सूचना वाचाच.

निघताना एवढं करा

- मागचा छापील मजकूर पुसला असेल, तर ती पॉवर बँक घरीच ठेवा. आकडा दिसला नाही तर सिक्युरिटीवाले काढून घेऊ शकतात.
- फुगलेली किंवा जोरात आपटलेली पॉवर बँक अजिबात नेऊ नका.
- पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे गेटवर बॅग द्यावी लागली तरी पटकन काढता येतील. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावा.
- फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागे-पुढे करू नका. फोन चिरडला तर तोही पेटू शकतो. क्रूला बोलवा.
- काही गरम लागलं किंवा वास आला, तर लाजू नका, लगेच सांगा.

आणि गेटवर कुणी प्रश्न विचारला, तर आधी इअरबड्स काढा. मी आता काढतो.