२४८ दिवस टॉपवर राहूनही आर्सेनलनं लीग घालवली. खरंच कच खाल्ली की गणितच वेगळं होतं?

आर्सेनलची कुठलीही पोस्ट उघडा, खाली कमेंटमध्ये बाटलीचे इमोजी सापडतातच. नवख्या माणसाला वाटेल कुठल्यातरी कोल्ड्रिंकची जाहिरात सुरू आहे. पण तो टोमणा असतो. हाताशी आलेला डाव ऐन वेळी घाबरून घालवला, की इंग्लंडच्या बोलीत त्याला 'बॉटल केलं' म्हणतात. आपल्याकडं यासाठी नेमका शब्द आहे, कच खाणं. क्रिकेटमध्ये साउथ आफ्रिकेला जसा 'चोकर्स'चा शिक्का बसला, तसा आर्सेनलला हा बसला. त्यामागचं मोठं कारण म्हणजे २०२२-२३ चा प्रीमियर लीग सीझन.

त्या सीझनमध्ये आर्सेनल तब्बल २४८ दिवस टेबलमध्ये पहिल्या नंबरवर होती. इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनमध्ये इतके दिवस पहिलं राहूनही लीग न जिंकणारी तोवर दुसरी टीम झाली नव्हती. एप्रिलच्या पहिल्या तारखेला त्यांच्याकडं ८ पॉइंटची आघाडी होती. मे संपला तेव्हा मँचेस्टर सिटी ५ पॉइंटनं पुढं जाऊन चॅम्पियन झाली होती.

मग एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत नेमकं झालं काय?

आधी लीगचा हिशोब समजून घेऊ

आयपीएलची सवय असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. प्रीमियर लीगमध्ये प्लेऑफ नसतात, फायनल नसते. २० टीम असतात आणि प्रत्येक टीम बाकीच्या १९ जणांशी दोनदा खेळते, एकदा घरी आणि एकदा समोरच्याच्या मैदानावर. एकूण ३८ मॅच. जिंकलं तर ३ पॉइंट, ड्रॉ झाली तर १, हरलं तर शून्य. शेवटी ज्याचे पॉइंट जास्त, तो चॅम्पियन.

म्हणजे ऑगस्टमधली मॅच आणि मे महिन्यातली मॅच, दोन्हींची किंमत सारखीच. इथं एका रात्रीत लीग जात नाही. ती हळूहळू, थोडी थोडी जाते. आर्सेनलचंही तसंच झालं.

सुरुवात कशी होती?

आर्सेनलनं शेवटची लीग जिंकली होती २००३-०४ मध्ये, तीही एकही मॅच न हरता. त्यानंतर दोन दशकं वाट बघणं सुरू होतं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये त्यांचाच जुना कॅप्टन मिकेल आर्टेटा कोच म्हणून आला. त्यानं जुने महागडे खेळाडू बाजूला काढून तरुण पोरांची टीम बांधायला घेतली. २०२१-२२ मध्ये ही टीम पाचवी आली. पुढच्या सीझनमध्ये पहिल्या चारात आले तरी खूप झालं, अशीच बहुतेकांची अपेक्षा होती.

पण टीम सुसाट सुटली. कतारच्या वर्ल्ड कपसाठी नोव्हेंबरमध्ये लीग थांबली, तेव्हा आर्सेनलचे १४ मॅचमध्ये ३७ पॉइंट होते. २२ जानेवारीला त्यांनी मँचेस्टर युनायटेडला शेवटच्या मिनिटाला ३-२ नं हरवलं आणि अर्धा सीझन, म्हणजे १९ मॅच संपताना त्यांचे ५० पॉइंट झाले. हा वेग चॅम्पियन टीमचा होता.

फेब्रुवारीत गाडी थोडी अडखळली. एव्हर्टनकडून हार, ब्रेंटफर्डशी ड्रॉ, मग घरच्या मैदानावर सिटीकडून १-३ अशी हार. ब्रेंटफर्डच्या ड्रॉमध्ये तर व्हिडिओ रेफरीनं ऑफसाइड नीट तपासलाच नव्हता आणि रेफरींच्या संस्थेनं नंतर चूक कबूल केली. पण गेलेले २ पॉइंट काही परत आले नाहीत.

तरीही आर्सेनल सावरली. त्यापुढच्या सलग ७ मॅच जिंकल्या. ॲस्टन व्हिलाविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये दोन गोल मारून ४-२ केलं. बोर्नमथविरुद्ध ०-२ नं मागं पडून ९७ व्या मिनिटाला ३-२ केलं. ज्या टीमला पुढं भित्री ठरवण्यात आलं, त्याच टीमनं हे केलं होतं.

कलाटणी मिळाली ती भलत्याच मॅचमध्ये

१६ मार्च २०२३. मॅच प्रीमियर लीगची नव्हतीच, युरोपा लीगची होती आणि समोर पोर्तुगालची स्पोर्टिंग लिस्बन होती. पेनल्टी शूटआउटमध्ये आर्सेनल हरली. पण खरं नुकसान त्याआधीच झालं होतं. २१ वर्षांचा फ्रेंच सेंटर बॅक विल्यम सलिबा पाठीच्या दुखापतीनं बाहेर गेला. त्याच मॅचमध्ये दुसरा डिफेंडर ताकेहिरो तोमियासूही जायबंदी झाला. दोघंही उरलेला सीझन खेळू शकले नाहीत.

सलिबा एवढा महत्त्वाचा का होता? त्यासाठी आर्टेटाची पद्धत बघावी लागेल.

आर्सेनलकडं बॉल असला की लेफ्ट बॅक झिनचेंको आपली जागा सोडून मधे मिडफिल्डमध्ये शिरायचा. त्यामुळं मिडफिल्डमध्ये एक माणूस वाढायचा आणि बॉल आर्सेनलच्याच ताब्यात राहायचा. पण मागं डावी बाजू मोकळी पडायची. शिवाय सगळी डिफेन्स लाइन बरीच पुढं, मैदानाच्या मध्याजवळ उभी असायची. अशा वेळी समोरच्यानं लांब पास टाकला, तर मागं धावून तो अडवायला वेगवान आणि शांत डोक्याचा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे सलिबा.

त्याच्या जागी आलेल्या रॉब होल्डिंगकडं तेवढा वेग नव्हता. मग लाइन थोडी मागं सरकली. लाइन मागं सरकली की मिडफिल्ड आणि डिफेन्समध्ये फट पडते आणि समोरची टीम तिथंच खेळते. एक खेळाडू बदलला, पण परिणाम सगळ्या टीमवर झाला.

आकडेच बघा. सलिबा खेळला त्या पहिल्या २७ लीग मॅचमध्ये आर्सेनलनं २५ गोल खाल्ले. तो नसलेल्या शेवटच्या ११ मॅचमध्ये १८ खाल्ले. आधी मॅचमागं एकापेक्षा कमी, नंतर दीडपेक्षा जास्त.

एप्रिलचे ते १८ दिवस

दुखापतीनंतर लगेच काही बिघडलं असंही नाही. क्रिस्टल पॅलेस आणि लीड्स, दोघांनाही आर्सेनलनं ४-१ नं हरवलं. १ एप्रिलला २९ मॅचमध्ये ७२ पॉइंट झाले. सिटीचे २८ मॅचमध्ये ६४.

मग ९ एप्रिलला लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर आर्सेनल अर्ध्या तासात २-० नं पुढं गेली. ग्रानित झाका आणि ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड यांच्यात जुंपली, तोवर शांत बसलेलं पब्लिक पेटलं आणि मॅचचा नूर बदलला. लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहनं एक पेनल्टी घालवूनही ८७ व्या मिनिटाला फिर्मिनोनं २-२ केलं.

आठवड्यानं, १६ एप्रिलला वेस्ट हॅमविरुद्ध दहा मिनिटांत २-०. स्कोअर २-१ असताना बुकायो साकाला पेनल्टी मिळाली. त्यानं ती बाहेर मारली आणि लगेचच वेस्ट हॅमनं बरोबरी साधली. पुन्हा २-२.

२१ एप्रिलला घरच्या मैदानावर साउथॅम्प्टन आली. टेबलमध्ये शेवटची, विसावी टीम. भारतात रात्रीचे साडेबारा वाजले होते, जागे राहिलेले फॅन्स नीट टेकलेही नसतील, तेवढ्यात गोलकीपर रॅम्सडेलचा पास चुकला आणि २८ व्या सेकंदाला ०-१ झालं. पुढं थिओ वॉलकॉटनं, म्हणजे आर्सेनलच्याच जुन्या खेळाडूनं, दुसरा गोल केला. ८८ व्या मिनिटापर्यंत स्कोअर १-३ होता. तिथून आर्सेनलनं दोन मिनिटांत ३-३ केलं, पण चौथा गोल काही झाला नाही.

लागोपाठ तीन ड्रॉ. ९ पॉइंट मिळू शकले असते, मिळाले ३. गेले ६. आणि सीझनच्या शेवटी सिटी किती पॉइंटनं पुढं होती? ५.

पाचव्याच दिवशी, २६ एप्रिलला सिटीच्या मैदानावर मॅच झाली. सिटीनं डाव साधा ठेवला. लांब बॉल सरळ एर्लिंग हालंडकडं, त्यानं होल्डिंगला अंगावर घेऊन बॉल राखायचा आणि केविन डी ब्रुइनानं त्या फटीत धावायचं. पहिला गोल सातव्या मिनिटाला असाच आला. निकाल ४-१.

टेबलवर आर्सेनल त्यानंतरही २ पॉइंटनं पुढं होती. पण सिटीच्या हातात २ मॅच जास्त होत्या. चार दिवसांनी सिटी वर गेली. चेल्सी आणि न्यूकॅसलला हरवून आर्सेनलनं धुगधुगी टिकवली, पण १४ मे ला घरी ब्रायटननं ३-० नं धुतलं आणि २० मे ला नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून १-० अशी हार झाली. त्या हारीनं सिटी मैदानात न उतरताच चॅम्पियन ठरली.

८ पॉइंटची आघाडी खरी होती का?

इथंच बहुतेकांचा हिशोब चुकतो. १ एप्रिलला सिटी एक मॅच कमी खेळली होती. ती जिंकली तर आघाडी ५ वर येणार. त्यात सिटीच्या घरची आर्सेनलविरुद्धची मॅच बाकी होती. तीही जिंकली तर उरले २. म्हणजे टेबलवर दिसणारे ८ पॉइंट प्रत्यक्षात एका चुकीइतके होते.

आणि समोर कोण होतं? २५ फेब्रुवारीपासून सिटीनं लीगमध्ये सलग १२ मॅच जिंकल्या. हालंडनं लीगमध्ये ३६ गोल केले. पेप ग्वार्डिओलानं जॉन स्टोन्स या डिफेंडरला मिडफिल्डमध्ये सरकवलं आणि टीमचं रूपच बदललं. त्याच सीझनमध्ये सिटीनं प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही कप उचलले. अशी टीम मागं लागली की नुसतं चांगलं खेळून भागत नाही.

सिटीकडं बेंच होता, हा दुसरा फरक. आर्सेनलचे साका, गॅब्रिएल आणि रॅम्सडेल लीगच्या ३८ च्या ३८ मॅच खेळले. जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोत क्लबला विंगर मिखायलो मुद्रिक हवा होता, तो चेल्सीनं नेला. मिडफिल्डर मोइसेस कायसेदोसाठी बोली लावली, ब्रायटननं नकार दिला. ट्रोसार्ड, जोर्जिन्हो आणि कीव्हिओर आले. यातला कीव्हिओर सेंटर बॅक होता, पण इटलीतून नुकताच आलेला. सलिबा पडल्यावर त्याच्याआधी होल्डिंगलाच उतरवावं लागलं.

मग कच खाल्लीच नाही का?

असंही म्हणता येणार नाही. लागोपाठ दोन मॅचमध्ये २-० ची आघाडी घालवणं हा नुसता योगायोग नसतो. ॲनफिल्डवर आणि वेस्ट हॅमविरुद्ध बॉल शांतपणे फिरवून मॅच थंड करायची गरज होती, ते या टीमला जमलं नाही. ब्रायटनसमोर तर टीम पूर्ण रिकामी वाटली. शेवटच्या ९ मॅचमध्ये २७ पैकी फक्त १२ पॉइंट, हा आकडा कुठल्याच सबबीनं झाकता येत नाही.

पण घाबरलेली टीम ८८ व्या मिनिटाला १-३ वरून ३-३ करत नाही. या टीमकडं हिंमत होती. कमी होता तो अनुभव, बेंच आणि सलिबाच्या तोडीचा दुसरा सेंटर बॅक. 'बॉटल' हा शब्द या तिन्ही गोष्टी पुसून टाकतो आणि सगळा दोष खेळाडूंच्या काळजावर ढकलतो.

ते खेळाडू कोण होते, हेही बघायला हवं. पेनल्टी चुकवणारा साका तेव्हा २१ वर्षांचा होता. २०२१ च्या जुलैमध्ये, १९ व्या वर्षी, युरो कपच्या फायनलमध्ये त्याची पेनल्टी अडवली गेली होती. त्यानंतर सोशल मीडियावर त्याच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या पडल्या होत्या. तरीही वेस्ट हॅमविरुद्ध पेनल्टी मारायला तोच पुढं आला आणि पाच दिवसांनी साउथॅम्प्टनविरुद्ध ९० व्या मिनिटाला बरोबरीचा गोलही त्यानंच केला. त्या सीझनमध्ये त्यानं लीगमध्ये १४ गोल केले आणि खेळाडूंच्या संघटनेनं त्याला सर्वोत्तम तरुण खेळाडू निवडलं.

पुढच्या सीझनमध्ये उत्तर मिळालं

आर्सेनलनं ८४ पॉइंटवर सीझन संपवला. २००३-०४ नंतरचे हे त्यांचे सर्वाधिक पॉइंट होते. २०१५-१६ मध्ये लेस्टर ८१ पॉइंटवर चॅम्पियन झाली होती, हे लक्षात घेतलं तर ८४ ची किंमत कळते.

उन्हाळ्यात क्लबनं मिडफिल्डर डेक्लन राइसवर १० कोटी पाउंड खर्च केले. सलिबा बरा होऊन परतला आणि २०२३-२४ च्या सीझनमध्ये लीगचा एकेक मिनिट खेळला. खाल्लेले गोल ४३ वरून २९ वर आले. पॉइंट ८४ वरून ८९ वर गेले. एक वर्ष आधी ८९ पॉइंटवरच सिटी चॅम्पियन झाली होती.

यावेळी मात्र सिटीनं ९१ केले आणि आर्सेनल पुन्हा दुसरी आली.