पांच नवे गडी आणि येणारा हंगाम

शाळा संपवून महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलाकडे घरांतील सारीं माणसें एका विशेष आशेनें पाहत असतात. तो काय शिकेल, कसा निघेल, घराचें नांव काढील कीं नाहीं, ह्या प्रश्नांचीं उत्तरें त्या दिवशीं कोणापाशींच नसतात. तरी प्रत्येकजण तीं आपापल्या परीनें देऊन मोकळा होतो. अमेरिकेंत ह्या कौटुंबिक आशेला सार्वजनिक रूप आलेलें आहे. तेथील विद्यापीठांच्या बास्केट-बॉल संघांत यंदा कोण नवे गडी आले आणि त्यांच्या बळावर पुढचा हंगाम कसा जाईल, ह्याची चर्चा केवळ खेळाडूंच्या वर्तुळांत होत नाहीं. सतराअठरा वर्षांच्या मुलानें कोणतें विद्यापीठ निवडलें, ही तेथें देशभर छापली जाणारी बातमी असते. आमच्याकडील पुष्कळ मुलें आज त्याच विद्यापीठांतून शिकत आहेत. तेव्हां त्या चर्चेमागें असलेलें सत्य काय, हें पाहणें वाचकांस अप्रस्तुत वाटूं नये.

हा खेळ मुळांत एका शिक्षकानें शोधून काढलेला. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ ह्यांनीं, हिंवाळ्यांत मैदानावर खेळतां न येणाऱ्या अठरा विद्यार्थ्यांसाठीं, पीचच्या फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. नऊ गडी एका बाजूला आणि नऊ दुसऱ्या बाजूला, अशी ती पहिली मांडणी होती. पुढें बाजूला पांच गडी ठरले, आणि तेथेंच नव्या गड्यांच्या महत्त्वाचें मूळ आहे. क्रिकेटमध्यें अकरांतला एक उत्तम निघाला तर संघाला आधार होतो. पांचांतला एक असामान्य निघाला तर संघाचें सारें रूपच पालटतें.

धाकट्यांनीं थोरल्यांना जिंकलें

ह्या विषयाचें सर्वांत बोलकें उदाहरण १९६५ सालचें आहे. लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ १९६४ व १९६५ अशीं लागोपाठ दोन वर्षें राष्ट्रीय अजिंक्य ठरला होता. त्या संघाचे गेल गुडरिच व कीथ एरिक्सन हे दोन खंदे गडी त्या वर्षीं शिक्षण संपवून बाहेर पडले. तरीसुद्धां जाणत्यांनीं येत्या हंगामासाठीं त्यालाच पहिला क्रमांक दिला. त्याच उन्हाळ्यांत संघाकडे नवीं मुलें आलीं. न्यूयॉर्कचा ल्यू अल्सिंडॉर, कॅन्ससचा ल्यूशियस अ‍ॅलन, आणि खुद्द कॅलिफोर्नियांतले लिन शॅकेलफर्ड व केनी हाइट्झ हीं त्यांतलीं प्रमुख.

अल्सिंडॉर सात फुटांहून उंच होता. त्याच्या शाळेच्या संघानें लागोपाठ ७१ सामने जिंकले होते. देशांतील असंख्य विद्यापीठें त्याच्या मागें लागलीं होतीं. त्याला लॉस अँजेलिसकडे वळविण्यासाठीं ज्यांनीं पत्रें लिहिलीं, त्यांचीं नांवें लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत. एक राल्फ बंच, १९५० सालचे शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. दुसरे जॅकी रॉबिन्सन, ज्यांनीं १९४७ सालीं बेसबॉलच्या मोठ्या संघांतील वर्णभेदाची भिंत पाडली. दोघेही त्याच विद्यापीठाचे जुने विद्यार्थी, आणि दोघेही कृष्णवर्णीय. ज्या देशांत त्या वर्षीं दक्षिणेकडील कित्येक विद्यापीठांच्या संघांना कृष्णवर्णीय गडी चालत नव्हता, तेथें अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला आणि त्याच्या आईबापांना आपल्याला माणूस म्हणून कोठें वागविलें जाईल, हा प्रश्न खेळाहून मोठा वाटला असल्यास नवल नाहीं.

परंतु त्या काळच्या नियमाप्रमाणें पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य संघांत खेळतां येत नसे. त्यानें आधीं अभ्यासांत रुळावें, घर सोडून राहण्याची संवय करावी, आणि धाकट्यांच्या वेगळ्या संघांतून खेळावें, अशी व्यवस्था होती. २७ नोव्हेंबर १९६५ रोजीं पॉली पॅव्हिलियन ह्या नव्या क्रीडागृहांत थोरला संघ व धाकटा संघ ह्यांचा सामना झाला. दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता, ज्याला पुन्हां पहिला क्रमांक मिळालेला, तो आपल्याच घरच्या पोरांकडून ६० विरुद्ध ७५ गुणांनीं हरला. एकट्या अल्सिंडॉरनें ३१ गुण मिळविले. देशांतला पहिल्या क्रमांकाचा संघ आपल्या स्वतःच्या विद्यापीठांतही पहिला नाहीं, असा तो प्रकार झाला!

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, ही म्हण येथें खरी ठरली असें वाचक म्हणतील. पण त्याच वर्षाचा पुढचा हिशेब पाहण्यासारखा आहे. धाकट्यांनीं त्या हंगामांत २१ सामने खेळून सर्व जिंकले. थोरल्यांनीं १८ जिंकले व ८ गमावले, आणि राष्ट्रीय स्पर्धेंत त्यांना प्रवेशच मिळाला नाहीं. ज्यांच्या गुणांचा सर्वत्र बोलबाला होता त्यांना मुख्य संघाबाहेर राहावें लागलें, आणि ज्यांना खेळण्याचा अधिकार होता त्यांच्याकडे कोणी कौतुकानें पाहीना. हीं दोन्ही दुःखें एका छपराखालीं नांदत होतीं. अशा घरांत फूट पडावयास वेळ लागत नाहीं.

गुरूची कसोटी

ती पडली नाहीं, ह्याचें श्रेय संघाचे शिक्षक जॉन वुडन ह्यांच्याकडे जातें. हे गृहस्थ इंडियाना राज्यांतल्या शेतकरी कुटुंबांत १९१० सालीं जन्मले आणि आरंभीं शाळेंत इंग्रजी शिकवीत. १९४७ सालीं ते इंडियानांतील एका लहान महाविद्यालयाचा संघ सांभाळीत असतां त्यांना राष्ट्रीय स्पर्धेचें निमंत्रण आलें. पण तेथें कृष्णवर्णीय गड्यास मज्जाव असल्यामुळें, आणि आपल्या संघांत असा एक मुलगा असल्यामुळें, त्यांनीं तें नाकारलें. दुसऱ्या वर्षीं तो नियम उठला व तो मुलगा खेळला. १९४८ सालीं ते लॉस अँजेलिसला आले. पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळावयास त्यांना सोळावा हंगाम उजाडावा लागला. इतकीं वर्षें ज्यानें वाट पाहिली, त्यालाच मुलांना वाट पाहावयास शिकविण्याचा अधिकार असतो.

वुडन ह्यांची शिकवण ऐकून आमच्याकडील जुन्या पंतोजींची आठवण व्हावी. सरावाच्या पहिल्या दिवशीं ते मुलांना मोजे कसे चढवावे व बुटांचे बंद कसे बांधावे, हें शिकवीत. मोज्याला चुणी राहिली तर पायाला फोड येतो, फोड आला तर सराव चुकतो, आणि सराव चुकला तर सामना जातो, असा त्यांचा साधा तर्क होता. ज्याला देशभर डोक्यावर घेतलें होतें त्या सात फुटी मुलालाही ह्या धड्यांतून सुटका नव्हती. मोठ्या गुणवंताला लहान गोष्ट शिकवितांना जो गुरु संकोचत नाहीं, त्याच्यापाशीं गुणवंत टिकतो.

१९६६ च्या हंगामांत धाकटे थोरले झाले. अल्सिंडॉर, अ‍ॅलन, शॅकेलफर्ड व हाइट्झ हे चौघे नवे, आणि त्यांच्या जोडीला पांचवा माइक वॉरेन. हा वॉरेन मागल्या वर्षींच्या थोरल्या संघांतला होता. अल्सिंडॉरनें आपल्या पहिल्याच सामन्यांत ५६ गुण मिळविले. संघानें ३० पैकीं ३० सामने जिंकले, आणि २५ मार्च १९६७ रोजीं डेटन विद्यापीठाचा ७९ विरुद्ध ६४ असा पराभव करून अजिंक्यपद परत आणलें. पुढें १९६८ व १९६९ सालींही तें त्यांच्याचकडे राहिलें. तीन वर्षांत ८८ विजय आणि अवघे दोन पराभव! मध्यंतरीं १९६७ सालीं टोपलींत वरून चेंडू ठोसण्यास बंदी झाली. ती ह्या एका मुलासाठींच आहे, असें पुष्कळांस वाटलें. त्यानें तक्रारींत वेळ न घालवितां दुरून हात उंचावून हळुवार चेंडू टाकण्याची आपली हातोटी अधिक घोटून घेतली. हाच मुलगा पुढें करीम अब्दुल-जब्बार ह्या नांवानें जगास ठाऊक झाला, आणि त्यानें व्यावसायिक खेळांत केलेला ३८,३८७ गुणांचा उच्चांक २०२३ पर्यंत अबाधित राहिला.

दुसरी बाजू

एवढ्यावरून उत्तम नवे गडी मिळाले कीं अजिंक्यपद ठरलेलेंच, असा निष्कर्ष कोणी काढील तर त्यानें १९९१ सालच्या मिशिगन विद्यापीठाकडे पाहावें. १९७२ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघ मोकळा झाला होता. मिशिगनला त्या वर्षीं ख्रिस वेबर, जेलन रोझ, जुवान हॉवर्ड, जिमी किंग व रे जॅक्सन असे पांच नामांकित गडी एकदम मिळाले, आणि हंगाम संपण्यापूर्वींच ते पांचही एकत्र मैदानांत उतरूं लागले. पांचही पहिल्या वर्षाचे! त्यांनीं सारा देश वेडा केला. १९९२ सालीं ते अंतिम सामन्यापर्यंत गेले व ड्यूक विद्यापीठाकडून ५१ विरुद्ध ७१ असे हरले. १९९३ सालीं पुन्हां अंतिम सामना आला. शेवटचीं अकरा सेकंदें उरलीं असतां वेबरनें विश्रांतीची मागणी केली. पण संघाच्या वांट्याच्या साऱ्या विश्रांति आधींच संपल्या होत्या. दंड झाला, आणि सामना नॉर्थ कॅरोलायनानें ७७ विरुद्ध ७१ असा जिंकला. पुढें एका चाहत्यानें कांहीं गड्यांना नियमबाह्य पैसे दिल्याचें प्रकरण उघडकीस आलें, आणि २००२ सालीं विद्यापीठानें त्या अंतिम सामन्यांची नोंद स्वतःहून रद्द केली.

दोन्ही ठिकाणीं मुलें सारखींच असामान्य होतीं. सर्व अंतर गुरूच्या शिकवणीनें पडलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. खेळांत दैवाचा भाग असतोच. तथापि एका संघाला सक्तीचें कां होईना, एकमेकांस ओळखण्याचें वर्ष मिळालें, आणि शेजारीं अनुभवी सोबती मिळाला. दुसऱ्याला हीं दोन्ही मिळालीं नाहींत, हें नजरेआड करतां येत नाहीं.

आजचें चित्र

आज हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. २००५ सालीं व्यावसायिक संघांनीं असा नियम केला कीं, शाळा सुटल्यावर निदान एक वर्ष गेल्याखेरीज व १९ वर्षांचें वय झाल्याखेरीज अमेरिकन मुलाची निवड होणार नाहीं. त्यामुळें उत्तमांतले उत्तम गडी विद्यापीठांत एक वर्षाचे पाहुणे म्हणून येऊं लागले. २०२१ पासून विद्यार्थ्यांना आपल्या नांवाच्या प्रसिद्धीबद्दल पैसे मिळविण्याची मोकळीक मिळाली, आणि एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यांत जातांना वर्षभर बसून राहण्याची अटही त्याच वर्षीं सैल झाली. २०२५ च्या जूनमध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें विद्यापीठांना आपल्या खेळाडूंस थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठीं ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागें सुमारें दोन कोटी पांच लाख डॉलर ठरली.

ह्या पैशाविरुद्ध नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यांत नाहीं. ज्या मुलांच्या श्रमावर भव्य क्रीडागृहें उभीं राहिलीं व शिक्षकांस लक्षावधि डॉलर वेतन मिळालें, त्यांना हक्काचा वांटा न मिळणें ही नीति नव्हती. सोयिस्कर नीतीचा तो केवळ बुरखा होता. पण पैशाबरोबर घाईही आली, आणि घाईची किंमत कोणत्याच करारांत लिहिलेली नसते. पहिल्या वर्षीं खेळावयास कमी मिळालें कीं दुसरें विद्यापीठ, तेथें जमलें नाहीं तर तिसरें, अशा प्रवासांत पदवीचें काय होतें व मैत्रीचें काय होतें, हें विचारावयास मुलाच्या आईबापांखेरीज कोणी उरत नाहीं.

२०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेनें ह्या नव्या युगाचेंही एक प्रत्यंतर दिलें. ड्यूक विद्यापीठाच्या कूपर फ्लॅगला त्या हंगामांत पहिल्याच वर्षीं देशांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला. उपांत्य सामन्यांत शेवटच्या मिनिटांत पुढें असलेला त्याचा संघ ह्यूस्टनकडून ६७ विरुद्ध ७० असा हरला. अजिंक्यपद मिळालें तें फ्लॉरिडाला, ह्यूस्टनवर ६५ विरुद्ध ६३ गुणांनीं. फ्लॉरिडाचा आधारस्तंभ वॉल्टर क्लेटन हा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. त्यानें आरंभ आयोना ह्या लहान विद्यापीठांत केला होता. म्हणजे विद्यापीठ बदलणें हें सर्वथैव वाईट नाहीं, आणि उशिरा पिकणारें फळही गोड असूं शकतें.

भाकित कसें करावें?

तेव्हां येणाऱ्या हंगामाविषयीं बोलणाऱ्यानें नव्या गड्यांची उंची व शाळेंतील गुण मोजून थांबूं नये. तीन प्रश्न त्यानें अवश्य विचारावे. जुन्यांपैकीं किती राहिले, आणि नव्यांना जागा देण्याइतकें त्यांचें मन मोठें आहे काय? गुणवंताला मोज्याची चुणी काढावयास सांगण्याचें धैर्य शिक्षकापाशीं आहे काय? आणि नवा मुलगा येथें शिकावयास आला आहे, कीं केवळ पुढें जातां जातां क्षणभर टेकला आहे? ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें अनुकूल असतील तर साधारण गड्यांचाही संघ आपल्याला चकित करील. नसतील तर पांच रत्नेंसुद्धां एका धाग्यावांचून विखरून पडतील.

पाळण्यांतले पाय दिसतात, हें खरें. मात्र ते पाय कोणत्या वाटेनें जातील, हें पाळणा सांगत नाहीं. तें वाटेवर भेटणारीं माणसें ठरवितात. आपल्या घरचा मुलगा जेव्हां दूरच्या विद्यापीठांत पहिलें पाऊल टाकील, तेव्हां पहिल्या सहामाहीचे गुण विचारण्याआधीं त्याला सोबती कसे मिळाले व गुरु कसे मिळाले, हें आपण विचारावें. त्याच्या पुढच्या हंगामाचा खरा अंदाज त्या उत्तरांत सांपडेल.