मोरीतले सांधे घरीच भरू या

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत घरांना रंग निघतो. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा पुसून लख्ख होते. मोरीकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. तिथल्या टाइल्समधली सिमेंटची रेघ आधी काळी पडते, मग भुसभुशीत होऊन निखळते. त्या फटीतून पाणी मुरते, टाइल सुटते आणि एके दिवशी खालच्या घराच्या छताला ओल धरते. मग जिन्यात भांडण! रोज एकमेकांना जयभीम घालणारी दोन कुटुंबे बोलेनाशी होतात.

अशा वेळी कुणी नशिबाला बोल लावतो, कुणी वास्तूला. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, ही तर आपल्या धम्माची शिकवण. इथे कारण सुताएवढ्या फटीत आहे.

आमच्या अनेक भगिनी सांधे पांढरे करण्यासाठी ॲसिड ओततात. ॲसिड सिमेंटलाच खाते, म्हणून डागाबरोबर सांधाही जातो. त्यात ब्लिचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. हे दोन्ही कधीही एकत्र करू नका.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक टाइलवर नाण्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती टाइल सुटलेली आहे, तिथे गवंडीच हवा. बाकीचे सांधे आपण भरू शकतो. सुट्टीच्या दिवशी सर्वांच्या आंघोळी आटोपल्यावर बसावे. जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या एका टोकाला फडके गुंडाळा आणि सैल सिमेंट निदान ३ मिलिमीटर खोल खरवडून काढा. वरवर लेप दिला तर तो महिन्याभरात निघतो. तोंडाला रुमाल बांधावा. दात घासायच्या जुन्या ब्रशने धूळ झाडून सांधे किंचित ओले करा, पण पाणी साचू देऊ नका.

हार्डवेअरच्या दुकानात तयार ग्राऊट मिळतो. बारीक सांध्यांना पांढरे सिमेंटही चालते. हातमोजे घालूनच टूथपेस्टएवढे घट्ट कालवा, कारण सिमेंटने कातडी भाजते. अर्ध्या तासात संपेल एवढेच घ्या. घट्ट होऊ लागल्यावर वरून पाणी घालू नका, सांधा कच्चा राहतो. जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचा सपाट तुकडा घेऊन तिरका दाबत भरा. पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या फडक्याने हलके पुसा. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटला तडा जातो, तिथे सिलिकॉन भरावे. निदान २४ तास पाणी टाकू नका, पाकिटावर जास्त वेळ दिला असेल तर तेवढा थांबा. एक दिवस शेजारच्या मोरीत आंघोळ करायला लाज कसली?

एवढे करूनही खाली ओल राहिली, तर दोष पाइपात किंवा टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये असतो. तेव्हा खालच्या-वरच्या दोघांनी मिळून जाणकाराला दाखवावे.

हे काम एकट्या गृहिणीच्या अंगावर टाकू नये. आपले कितीतरी बांधव मोठमोठ्या इमारतींत दिवसभर टाइल्स बसवतात. त्यांनी एक सुट्टी स्वतःच्या मोरीसाठी द्यावी आणि मुलामुलींनाही हे हातचे काम शिकवावे.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्यांचे आपण वारस. आज पाणी घरातल्या नळाला आले आहे. ते शेजाऱ्याच्या डोक्यावर गळू नये, ही जबाबदारीही आता आपलीच.