चिकटवहीची कातीव नक्षी : थोड्या भांडवलाचा घरगुती धंदा

कापडाच्या व्यापाऱ्याने कागदाच्या फुलापानांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या धंद्यात चिकटवही जुनीच आहे. ठोक व्यापारी नमुन्याची वही ठेवतात. तीत नागमोडी कात्रीने कापलेले कापडाचे तुकडे ओळीने डकवलेले असतात आणि शेजारी भाव, पन्हा व रंगाचा नंबर लिहिलेला असतो. तुकडा वाकडा चिकटला किंवा डिंकाचा डाग पडला की चांगला मालही गिऱ्हाइकाला हलका वाटतो. फोटोंच्या चिकटवहीचेही तसेच आहे.

हल्ली फोटो मोबाईलमध्येच पडून राहतात. म्हणूनच लग्नाचे, बाळाच्या पहिल्या वर्षाचे किंवा प्रवासाचे निवडक फोटो छापून वहीत लावण्याची हौस काही घरांत नव्याने दिसते. फोटोभोवती कागदाची कापलेली फुले, पाने, चांद-तारे, फुलपाखरे लावली की पान भरून येते. असे तयार आकार डाय-कट या नावाने पाकिटात मिळतात. हा माल आपल्याकडे हाताने करता येईल काय आणि त्यात करणाऱ्याला काय उरेल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

परंपरा आपल्याच घरातली

उर्दू शाळेत शिकलेल्यांना ‘मुरक्का’ हा शब्द ठाऊक आहे. मूळ अरबी अर्थ ठिगळे जोडलेला. चित्रे आणि सुलेखनाचे नमुने कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, भोवती नक्षीदार हाशिया जोडून बांधलेली वही म्हणजे मुरक्का. जहांगीर बादशहाच्या ‘मुरक्का-ए-गुलशन’चा बराचसा भाग आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे. कागदातून अक्षरे व वेलबुट्टी कापून दुसऱ्या रंगाच्या कागदावर बसवण्याची कला 15व्या शतकात हेरातला भरात होती. मथुरेची सांझी हीही कात्रीचीच कला.

कागदही दूरचा नको. छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबाद) वेरूळकडे जाताना दौलताबाद आणि खुलताबादच्या दरम्यान कागजीपुरा लागतो. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी देवगिरीला आणली, त्या काळात कागद करणारे कारागीर इकडे आले, असे सांगतात. गावाचे नावच त्यांच्या हुन्नरावरून पडले. हातकागदाला सुती चिंध्यांचा लगदा लागतो, म्हणजे शिंप्याच्या दुकानातली कातरण इथे कामाला येते. मात्र गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हातकागद लिहिण्या-छापण्यासाठी टिकणे कठीण झाले. त्याला असे गिऱ्हाईक हवे, जे कागद वजनावर न घेता त्याच्या पोतासाठी घेईल. चिकटवही हे तसे गिऱ्हाईक आहे.

हिशेब असा मांडावा

हातकागदाचा 22 बाय 30 इंचाचा ताव घ्या. त्यातून 3 सेंटिमीटरचे चौकोन आडवे 18 व उभे 25, म्हणजे 450 निघतात. कडा व खराबी मिळून 50 वजा केले तर 400 आकार, म्हणजे दहा-दहाची 40 पाकिटे. उदाहरणादाखल ताव 40 रुपयांचा धरला तर पाकिटामागे कागद पडला 1 रुपया. एक बाई तासाला 60 आकार कापते आणि मजुरी तासाला 60 रुपये धरली, तर पाकिटाची कातराई झाली 10 रुपये. पाकीट व चिठ्ठीचे 2 रुपये. एकूण 13 रुपये. दुकानदाराला 20 रुपयांनी दिले तर 7 रुपयांत जाणे-येणे, उधारी व नफा.

यावरून दिसेल की खर्च कागदात नसून हातात आहे. ताव दुप्पट महाग झाला तरी पाकीट एकाच रुपयाने वाढते. व्यापारी भाव पाडायला बसला तर कात्री चालते ती मजुरीवरच. म्हणून नगाचा दर ठरवण्याआधी घड्याळ लावून तासभर काम करून पाहावे. सरळ बदामाला लागतो तेवढाच वेळ जाळीदार फुलाला लागत नाही, तेव्हा दोन्हींचा दर एक ठेवणे हा अन्याय आहे. यंत्राची डाय एका दाबात अनेक आकार काढते. साध्या गोल-चौकोनात तिच्याशी स्पर्धा करू नये. हिमरूची कैरी, जाळीची नक्षी, मेहराब असे आपल्या शहराचे आकार निवडावेत.

कापणे आणि चिकटवणे

कागद 120 ते 200 जीएसएमचा बरा. त्याहून पातळ डिंकाने सुरकुततो, जाड कात्रीला जड जातो. कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात तर दुहेरी घडी घालून अर्धाच आकार कापावा. हातकागदाचे धागे लांब असल्याने अति बारीक टोके फुटतात, म्हणून नक्षी ठसठशीत ठेवावी.

पानाची मांडणी साडीसारखी समजावी. काठ, बुट्टे आणि पदर. कडेला बारीक वेल, मधे तुरळक बुट्टे आणि भरगच्च काम एकाच कोपऱ्यात. पदर चारही बाजूंना काढला तर फोटो दिसणार नाही. एका पानावर तीन किंवा पाच आकार पुरेत. रंग फोटोतल्या कपड्याच्या रंगावरून घ्यावा.

पिठाच्या खळीवर कसर येते आणि सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून सुटते. पांढरा डिंक अगदी पातळ लावून पान वजनाखाली रात्रभर ठेवावे. आकारांमुळे वही फुगते, म्हणून शिवणीजवळ दर पानाला कागदाची अरुंद पट्टी घालून वही बांधून घ्यावी.

सुरुवात कशी करावी

एकदम माल करून ठेवू नये. बारा आकारांची नमुना वही करावी आणि ती फोटो स्टुडिओ, लग्नपत्रिकेची दुकाने व शालेय साहित्याचे दुकानदार यांना दाखवावी. ज्या आकाराची दोनदा मागणी येईल तोच वाढवावा. वसुली महिन्याने होवो, कापणाऱ्या भगिनींची मजुरी मात्र आठवड्याच्या आठवड्याला रोख द्यावी. तेवढे भांडवल गाठीला असेल तेव्हाच काम वाटावे.