खांद्याची कळ : श्रमाची की हृदयाची?

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या काढणीचे दिवस कष्टाचे असतात. मालदांडीची ताटे उपटणे, पेंढ्या बांधणे व कणसे मोडणे या कामांनी खांदे भरून येतात. डाळिंबाच्या बागेत फवारणी करणाऱ्याच्या पाठीवर 16 लिटरची टाकी असल्यास द्रावणाचेच वजन सुमारे 16 किलो होते. त्यामुळे खांद्यातील वा छातीतील प्रत्येक कळ कामाचीच समजून अंगावर काढली जाते. धोका आहे तो येथेच.

श्रमाचे दुखणे बहुधा एका जागी असते. त्या जागी दाबल्यास किंवा हात वर उचलल्यास ते वाढते. अशा वेळी पंपाचे दोन्ही पट्टे सारखे बांधावेत, टाकी अर्धीच भरावी व खांद्यास विश्रांती द्यावी. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडण्याचा संभव अधिक असतो.

हृदयाच्या दुखण्याची तऱ्हा निराळी. हृदयाकडून व हाताकडून येणारे ज्ञानतंतू मज्जारज्जूच्या एकाच भागात मिळतात. म्हणून विकार हृदयात असूनही कळ खांद्यात, हातात, मानेत वा जबड्यात जाणवते. छातीच्या मध्यभागी दडपण येते, घाम फुटतो, धाप लागते, मळमळते. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यात कधी केवळ धाप व थकवा एवढीच लक्षणे दिसतात. चालताना वा ओझे उचलताना येणारे व थांबताच जाणारे छातीचे दुखणेही हृदयाचे असू शकते. विश्रांतीने बरे वाटले, एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

याखेरीज अन्य कारणेही आहेत. श्वास घेताना छातीत टोचून ताप व खोकला असल्यास फुफ्फुसाचा विकार संभवतो. पित्ताशयातील खड्याची कळ उजव्या खांद्यापर्यंत जाते. नागिणीत एकाच बाजूस आग होऊन मागाहून पुरळ उठतो. आम्लपित्तानेही छातीत जळजळते. परंतु निदान डॉक्टरांवर सोपवावे.

वरील लक्षणे दिसताच रोग्यास बसवावे, चालवू नये, मोटारसायकलवर नेऊ नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा राज्यात 2014 पासून विनामूल्य आहे. तिला विलंब होत असल्यास मिळेल त्या चारचाकी वाहनाने हृदयालेख काढण्याची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असल्यास प्रत्येक घटकेस हृदयाचा स्नायू निकामी होत जातो.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहावा व सुगीपूर्वीच्या सभेत ही लक्षणे समजावून सांगावीत. काढणी एक दिवस लांबली तरी चालेल, उपचार लांबता कामा नये.