जमीन जवळ येते तेव्हा

१९६२ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. इटलीच्या अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. वेळ रात्रीची. आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो, अशा समजुतीने वैमानिकाने उंची कमी करायला सुरुवात केली आणि विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ जण ठार झाले. पुढे १९६६ मध्ये, ज्या विमानात डॉ. होमी भाभा होते ते एअर इंडियाचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. तिथेही पर्वत मागे पडला, असाच वैमानिकाचा समज होता.

विमान धडधाकट, वैमानिकाच्या पूर्ण ताब्यात आणि तरी ते सरळ जमिनीत जाते! या अपघातांवर कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस उपाय शोधला. विमानाच्या पोटाखालून रेडिओलहरी सोडायच्या, त्या जमिनीवर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. अंतर फार वेगाने घटू लागले की कॉकपिटमध्ये आवाज उमटतो, ‘टेरेन, टेरेन’ आणि मग ‘पुल अप!’ म्हणजे विमान वर खेचा. उतरताना चाके बाहेर काढायची राहिली, तर हेच यंत्र तेही सांगते. डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ एक विमान टेकडीवर आदळून ९२ जण दगावले आणि अमेरिकेत ते मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले.

यात एक उणीव होती. यंत्र फक्त खाली पाहत होते. समोर सरळसोट कडा असेल तर इशारा अखेरच्या काही सेकंदांतच मिळे. नव्वदच्या दशकात सुधारित यंत्र आले. त्याच्या स्मरणात जगभरच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा असतो आणि उपग्रहांच्या मदतीने आपण नेमके कुठे आहोत हे त्याला कळते. (सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले नकाशे विकत मिळू लागले, ते या कामी आले!) पडद्यावर उंच डोंगर लाल-पिवळे दिसतात. आता पहिली सूचना साधारण मिनिटभर आधी मिळते.

वैमानिकाचे काम उड्डाणापूर्वीच सुरू होते. एक बटण दाबून यंत्र बोलते की नाही ते तो तपासतो. खरी कसोटी ‘पुल अप’ ऐकू आल्यावर. रात्री किंवा ढगात असताना नकाशा उघडायचा नाही, सहकाऱ्याशी चर्चा करायची नाही. स्वयंचलित चालक बंद, इंजिनांना पूर्ण जोर, पंख समतल आणि नाक वर. चाके आणि फ्लॅप आहेत तसेच ठेवायचे. दुसरा वैमानिक उंचीचे आकडे मोठ्याने सांगत राहतो. वैमानिक हे सिम्युलेटरमध्ये पुन्हापुन्हा घोटतात.

एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. पंखांवरचे वेगरोधक उघडे असतील तर ते मिटवायचे. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियातील कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी इशारा ऐकताच विमान वर खेचले, पण वेगरोधक उघडेच राहिले. डोंगरमाथा ओलांडता आला नाही. १५९ जण गेले.

आणि ऐकूनही न ऐकणे? घाटातली ‘पुढे धोक्याचे वळण’ ही पाटी रोज पाहून आपल्याला दिसेनाशी होते, तसेच या आवाजाचे होते. सुरुवातीची यंत्रे खोटे इशारेही देत, त्यामुळे अविश्वास वाढला. १९८३ मध्ये माद्रिदजवळ इशारा वाजत असतानाही विमान उतरतच राहिले. १८१ बळी गेले.

यंत्राचा भूभागाचा इशारा बंद करायची कळही असते. एखादा विमानतळ नकाशात नसेल तर यंत्र उगाच ओरडू नये, म्हणून ती दिलेली आहे. मे २०१२ मध्ये इंडोनेशियात सुखोई कंपनीचे नवे विमान ग्राहकांना दाखवण्यासाठी उडवले गेले. सालक पर्वत ढगांत होता. इशारा झाला. नकाशातच काही चूक असावी, असे वाटून कप्तानाने ती कळ दाबली. विमानातले सर्व ४५ जण मरण पावले. पहिला इशारा आदळण्याच्या ३८ सेकंद आधी झाला होता. तपासकांनी सिम्युलेटरवर तोच प्रसंग पुन्हा उभा करून पाहिला, तेव्हा दिसले की इशाऱ्यानंतर २४ सेकंदांपर्यंत विमान वर खेचले असते, तरी ते वाचू शकले असते.